परसांतील मत्स्यकुंडास हिवाळ्यांत ऊब

नाशिक जिल्ह्यांत, विशेषतः निफाडच्या बाजूस, पौषांतील कांहीं पहाटे पारा सेल्सिअसच्या ५-६ अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षबागाईतदार अशा वेळीं बागेंत शेकोट्या पेटवितात. परंतु परसांत कुंड बांधून तिलापिया मासे पाळणाऱ्यास शेकोटीचा उपयोग नाहीं. हा मासा मूळचा आफ्रिकेंतील उष्ण पाण्यांतला. पाणी २० अंशांखालीं गेलें म्हणजे त्याचें खाणें कमी होतें, व तें १०-१२ अंशांवर टिकून राहिलें तर मासे मरूं लागतात. लहान कुंड लवकर निवतें. सबब घरांतील जुना बंब अथवा काढून ठेवलेला सौर बंब लावून कुंड तापवावें काय, असा प्रश्न पडतो. त्यासाठीं प्रथम जमाखर्च मांडून पाहूं.

एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद व एक मीटर खोल कुंडांत ६,००० लिटर पाणी मावतें. तें एक अंश चढविण्यास ६,००० किलोकॅलरी, म्हणजे सुमारें ७ युनिट वीज लागेल. शंभर लिटरचा सौर बंब आपलें पाणी दिवसभरांत ३५ अंशांनीं तापवितो असें धरल्यास जमा ३,५०० किलोकॅलरी. तेवढ्यानें कुंड जेमतेम अर्धा अंश चढेल.

आतां खर्च पाहूं. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी निघून जातात. ६ चौरस मीटर पृष्ठभागावरून रात्रींत एक मिलिमीटर पाणी उडालें, तर ६ लिटर पाण्याबरोबर सुमारें ३,५०० किलोकॅलरी गेल्या. म्हणजे दिवसाची सर्व कमाई उघड्या कुंडानें एका रात्रींत घालविली! निरभ्र आकाशाकडे जाणारी उष्णता आणखी वेगळीच. म्हणून आधीं झांकण, मग बंब, हाच क्रम धरावा.

बांबूच्या चौकटीवर जुना प्लॅस्टिकचा कागद ताणून तो सूर्यास्तापूर्वीं कुंडावर घालावा. हवेसाठीं एका कोपऱ्यास वीतभर फट ठेवावी व ऊन चढल्यावर झांकण काढावें. विहिरीचें पाणी पहाटेच्या हवेहून पुष्कळच उबदार असतें. तें थोडथोडें व उंचावरून शिंपडून सोडावें, म्हणजे त्यांत हवाही मिसळते.

अतिशय थंडीच्या रात्रीं एवढ्यानें न भागल्यास बंब पेटवावा. मात्र तांबें माशांना विषारी आहे. कुंडाचें पाणी बंबांतून किंवा सौर बंबाच्या तांब्याच्या नळ्यांतून कधींही फिरवूं नये. उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीचें वेटोळें कुंडांत बुडवावें, बंबाचें गरम पाणी त्यांतून नेऊन बाहेर बादलींत घ्यावें, व पुन्हां बंबांतच ओतावें. बंबाचें तोंड बंद करूं नये. वाफ कोंडून तो फुटण्याचें भय असतें.

बादलींत पाणी तापविण्याचा विजेचा रॉड मात्र कोणींही कुंडांत सोडूं नये. त्यांतून वीज पाण्यांत उतरल्यास मासे तर जातीलच, परंतु पाण्यांत हात घालणारें घरचें माणूसही प्राणास मुकेल.

थंडीच्या दिवसांत खाद्यही निम्म्यावर आणावें. न खाल्लेलें खाद्य कुजून पाणी बिघडवितें, आणि गारठलेल्या माशांस तें सोसत नाहीं.