सोमवारी मुलांनाच, की मुलांना सोमवारीच?

काही वर्षांपूर्वी एका लहान गावच्या दवाखान्याकरिता पाटीचा मजकूर मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले. काम कसले, परिचितांच्या भिडेखातर करावयाची पाच मिनिटांची कामगिरी! इंग्रजी मजकुरात एक वाक्य होते : ‘द डॉक्टर ओन्ली सीज चिल्ड्रन ऑन मंडेज.’ मी लिहिले, ‘डॉक्टर सोमवारी मुलांनाच तपासतील.’ पाटी रंगविली गेली, दारावर लागली, आणि पहिल्याच सोमवारी शेजारच्या वाडीवरून कोसभर चालत आलेल्या एका वृद्ध बाईंना कंपाउंडरने पाटीकडे बोट दाखवून परत पाठविले. खोकल्यामुळे त्या बाईंना आठ दिवस झोप नव्हती. डॉक्टरांच्या मनात होते ते निराळेच. लहान मुलांना भलत्या दिवशी आणू नका, त्यांना सोमवारी आणा; मोठी माणसे केव्हाही आली तरी चालतील, एवढेच त्यांना सांगावयाचे होते.

चूक माझी होती, हे कबूल केले पाहिजे. परंतु वाचकहो, ते इंग्रजी वाक्य आपण पुन्हा एकदा वाचून पाहा. सोमवारी फक्त मुले, हाही अर्थ त्यातून निघतो. मुले फक्त सोमवारी, हाही निघतो. कोणी खट्याळ वाचक असेल तर तो तिसराही काढील : डॉक्टर मुलांना नुसते पाहतात, औषध देत नाहीत! इंग्रजीत ‘ओन्ली’ हा शब्द बहुधा क्रियापदाच्या शेजारी जाऊन बसतो आणि तेथून वाक्यातल्या कोणत्याही शब्दावर नजर ठेवतो. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून त्याचा रोख कळतो. कागदावर आवाज उमटत नाही. मराठीतला ‘च’ मात्र ज्या शब्दाला चिकटला त्याचाच होऊन राहतो. ‘मुलांनाच’ किंवा ‘सोमवारीच’, यांपैकी एक पसंत केल्यावाचून मराठी वाक्य पुरे होत नाही. मी पसंती केली, पण विचारले नाही.

मूळ लिहिणाऱ्याला ही गोम का दिसू नये? कारण त्याला काय म्हणावयाचे आहे ते त्याला आधीच ठाऊक असते. वाचणाराही सहसा पहिला सुचेल तो अर्थ घेऊन पुढे जातो. अडतो तो भाषांतरकार. कारण दुसरी भाषा त्याला दारातच थांबवून विचारते, ‘यांतले नक्की कोणते?’ जुन्या इंग्रजीत नामांना आपल्या विभक्तींसारखे प्रत्यय लागत असत. काळाच्या ओघात ते झिजले, आणि पुष्कळसा भार शब्दांच्या जागेवर व विरामचिन्हांवर येऊन पडला. हा भार कधी कधी एकट्या स्वल्पविरामाला पेलावा लागतो.

अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची एक डेअरी आहे. तिच्या गाडीचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. आठवड्यात चाळीस तासांहून अधिक काम झाल्यास दीडपट दर द्यावा, असा तेथील कायदा; पण नाशवंत खाद्यपदार्थांसंबंधीची काही कामे त्यातून वगळलेली होती. डबाबंद करणे, गोठविणे, वाळविणे, साठविणे अशी ती यादी, आणि शेवटी शब्द होते : ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन.’ ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. डेअरीचे म्हणणे, पाठवणीसाठी माल बांधणे हे एक काम आणि वितरण हे दुसरे. दोन्ही वगळली आहेत. चालकांचे म्हणणे, येथे बांधणी हे एकच काम सांगितले आहे, मग ती पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी; आम्ही माल बांधत नाही, पोहोचवितो. यादीतील इतर सर्व कामांचे शब्द ‘इंग’ने संपतात, ‘डिस्ट्रिब्यूशन’ तसे संपत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

खालच्या न्यायालयात डेअरी जिंकली. परंतु १३ मार्च २०१७ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला. न्यायमूर्ती डेव्हिड बॅरन यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा, की वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते. आणि वेतनाचा कायदा कामगारांच्या हितासाठी असल्याने संशयाचा फायदा कामगारांना मिळाला पाहिजे. २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. निकालानंतर विधिमंडळाने ते कलमच नव्याने लिहिले. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चे ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केले. ते मूळ कलम कोणी मराठीत आणावयास बसला असता, तर त्याला ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी’ आणि ‘पाठवणीसाठी बांधणी, किंवा वितरण’ यांतून एक निवडावेच लागले असते. खटल्यातला सारा वाद त्याच्या टेबलावर पहिल्या तासातच उभा राहिला असता!

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर कॅनडातील प्रकरण पाहा. रॉजर्स आणि अ‍ॅलिएंट या दोन कंपन्यांत खांबांवरून तारा नेण्याचा करार झाला होता. करार पाच वर्षे चालेल, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षांनी वाढेल, एक वर्षाची लेखी सूचना देऊन कोणी तो संपविला नाही तर, अशा अर्थाचे ते कलम. ही ‘सूचना’ पहिल्या पाच वर्षांतही देता येते काय? इंग्रजी कलमातील एका स्वल्पविरामाच्या जागेवरून तेथील दूरसंचार आयोगाने २००६ मध्ये ‘येते’ असा निर्णय दिला. मग त्याच नमुना-कराराची फ्रेंच प्रत पुढे आली. फ्रेंच वाक्यात संदिग्धता नव्हती. सूचना पहिल्या मुदतीनंतरच्या काळाला लागू होती. २००७ मध्ये आयोगाने आपला निर्णय बदलला. माझ्या व्यवसायबंधूंना ही हकीकत सांगताना मला विशेष आनंद होतो, हे वेगळे सांगावयास नको.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तर शब्द आखूड करण्याच्या घाईत मौजच होते. १९८५ च्या जपानी विमान-अपघातात वडील गमावलेल्या एका व्हायोलिनवादक युवतीचा उत्कर्ष होत असल्याची बातमी २००९ मध्ये आली. मथळा होता, ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स.’ ‘ब्लॉसम्स’ हे येथे क्रियापद, ‘बहरते’ या अर्थी. पण वाचणाऱ्यांना दिसली ती अपघाताची फुले. तेव्हापासून इंग्रजी संपादकांनी अशा फसव्या मथळ्यांचे नावच ‘क्रॅश ब्लॉसम्स’ ठेविले.

घरगुती पत्रांत ही अडचण निराळ्या वेषात येते. ‘माय कझिन इज कमिंग’ एवढे वाक्य मराठीत करावयाचे तर येणारी व्यक्ती चुलत, मामे, मावस की आते, आणि भाऊ की बहीण, हे कळले पाहिजे. एका शब्दाची आठ नाती झाली. इंग्रजी ‘वुई’चेही तसेच. ‘वुई शाल वर्क ऑन सॅटर्डे’ असे वरिष्ठांचे परिपत्रक आले, तर त्यातले ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’ की ‘आपण’? शनिवारची सुटी त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

यावरून मराठी अगदी निर्दोष आहे असे कोणी समजू नये. ‘ताप असलेली मुले व गरोदर स्त्रिया यांनी गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे’ असे वाक्य एका आरोग्यपत्रिकेच्या कच्च्या प्रतीत माझ्याच हातून लिहिले गेले. ताप मुलांना, की स्त्रियांनाही? ज्या गरोदर बाईला ताप नाही, ती हे वाचून न विचारताच गोळी घेईल. मी तज्ज्ञांना विचारले, आणि केवळ क्रम बदलला : ‘गरोदर स्त्रियांनी, तसेच ताप असलेल्या मुलांनी...’ आता मी मजकूर हातावेगळा करण्यापूर्वी एक साधी गोष्ट करतो. विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी, बहुधा घरच्याच माणसाला, तो वाचावयास देतो आणि ‘कळले का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारतो. पहिल्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात.

त्या दवाखान्याची पाटी अर्थातच बदलावी लागली. या खेपेस मी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून दोन स्वतंत्र ओळी लिहिल्या : ‘मुलांची तपासणी फक्त सोमवारी. मोठ्यांची तपासणी सोमवारसह सर्व दिवशी.’ रंगाऱ्याने हात पुसले, मी समाधानाने दोन पावले मागे सरलो. कंपाउंडरने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, ‘साहेब, म्हणजे रविवारीसुद्धा का?’