पगारातून कापलेला रुपया

पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत. त्याच गावांतली तरुण मुलं डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत ठेकेदारांकडे कामाला जातात. मूर्तीच्या कारखान्यात मजुरी बहुधा रोख मिळते आणि कापलं तर उचलीचं कापतात. कंपनीत मात्र पगाराची स्लिप येते आणि तिच्यावर पीएफ, ईएसआय, पीटी अशी अक्षरं असतात. ती वाचून ‘एवढे पैसे फुकट गेले’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे म्हणणं अर्धं चुकीचं आहे, आणि त्यामुळे कामगाराचं खरोखर नुकसान होतं.

पहिला गैरसमज पीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा. ‘मालक आपला वाटाही आपल्याच पगारातून कापतो, म्हणजे दोन्हीकडून आपणच भरतो.’ मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये असतील, तर कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,680 रुपये कापले जातात. मालकाने तेवढेच 1,680 रुपये स्वतःच्या खिशातून घालायचे असतात. त्यातून पगाराचे 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 1,166 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 514 पीएफच्या खात्यात. शिवाय विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का मालकावरच असतो. मालकाचा वाटा कामगाराच्या मजुरीतून वसूल करायला पीएफच्या योजनेनेच मनाई केली आहे. नोकरी देताना सांगितलेल्या ‘सीटीसी’त, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात, हा वाटा धरलेला असतो. तिथूनच गोंधळ सुरू होतो. सांगितलेली रक्कम म्हणजे पगार असं धरून हिशेब केला की मालकाचा वाटाही आपल्यातून कापल्यासारखा वाटतो. म्हणून नोकरी घेताना ‘मूळ पगार किती आणि हातात किती’ हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

त्या विम्याबद्दलही बोलायला हवं, कारण फार थोड्या घरांना तो माहीत असतो. पीएफचा सभासद नोकरीत असताना वारला, तर त्याच्या वारसाला या विम्यातून जास्तीत जास्त 7 लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. मात्र वारसाचं नाव खात्यात नोंदवलेलं नसेल तर कुटुंबाला खेटे घालावे लागतात.

‘मी कायम नाही, ठेकेदाराचा माणूस आहे, मला पीएफ कुठला?’ हे वाक्य या भागात मला सगळ्यात जास्त खटकतं. पीएफसाठी कायम असण्याची अट नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत 15,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला तो पहिल्या दिवसापासून लागू होतो, ठेकेदारामार्फत आला असला तरीही. ठेकेदाराने भरला नाही, तर मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. नगावर मजुरी घेणाराही यातून बाहेर नाही. विडी वळणाऱ्या, घरी बसून नगावर काम करणाऱ्या कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली सांगितलं. गणपती घरोघर रंगवायला देणाऱ्यांनी आणि रंगवणाऱ्यांनीही हा निकाल लक्षात ठेवावा. अर्थात पाच-सात माणसांच्या घरगुती कारखान्याला हा कायदा आपोआप लागू होत नाही. तिथे मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने नोंदणी करता येते. तेही होत नसेल, तर 18 ते 40 वयाच्या आणि महिन्याला 15,000 पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगारांसाठी केंद्राची श्रमयोगी मानधन योजना आहे. तिच्यात वयानुसार महिन्याला 55 ते 200 रुपये भरले की सरकार तेवढेच घालतं आणि साठीनंतर महिन्याला 3,000 रुपये पेन्शन मिळते.

ठेकेदार बदलला की जुना पीएफ काढून टाकण्याची घाई होते. पण पीएफ सभासदाचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच राहतो आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते. दहा वर्षांची सेवा भरली तर म्हातारपणी पेन्शनचा हक्क मिळतो. दर दोन वर्षांनी पैसे काढून सेवा तोडणारा माणूस हा हक्क गमावतो, आणि बहुतेकदा त्याला ते पन्नाशीनंतर कळतं.

ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याला, ‘दवाखान्याचे पैसे’ म्हणतात. आपण तर त्या दवाखान्यात जात नाही, मग कापता कशाला, अशी तक्रार असते. 2019 पासून कामगाराचा वाटा फक्त पाऊण टक्का आहे आणि मालकाचा सव्वातीन टक्के. 14,000 च्या एकूण पगारावर कामगाराचे 105 रुपये जातात, मालकाचे 455. यातून घरच्यांचं औषधपाणी होतंच. पण ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेला कामगार आजारपणात घरी बसला, तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते. बाळंतपणाला 26 आठवड्यांची मजुरी मिळते. कामावर अपघात झाला तर किती दिवस वर्गणी भरली हे न बघता भरपाई मिळते, आणि मृत्यू झाला तर अवलंबितांना मासिक पेन्शन. भट्टी आणि रसायनांजवळ काम करणाऱ्या तरुणाच्या घरासाठी या 105 रुपयांचं मोल खासगी मेडिक्लेमपेक्षा मला जास्त वाटतं.

ग्रॅच्युइटी पगारातून कापली जाते, हाही एक समज. ते पूर्णपणे मालकाचं देणं आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 आणि सेवा सहा वर्षं असेल, तर वर्षाला 15 दिवसांच्या हिशेबाने सुमारे 48,460 रुपये होतात. साधारणपणे पाच वर्षांची सेवा लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगारांना मात्र एका वर्षानंतरही तिचा हक्क दिला आहे.

पीटी म्हणजे व्यवसाय कर. त्यातून कामगाराला स्वतःला काही परत मिळत नाही, तो राज्याचा कर आहे. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी महाराष्ट्राने तो 1975 साली सुरू केला. पुरुषाचा पगार 10,000 च्या वर असेल तर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 पगारापर्यंत माफ आहे. तरीही कुणा बहिणीच्या स्लिपवर तो कापलेला दिसला तर तिने लगेच विचारावं.

जून आणि डिसेंबरच्या स्लिपवर पंचवीस रुपयांची एक कपात दिसते. ती कामगार कल्याण निधीची. मालक त्यावर 75 रुपये घालतो. या पैशातून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ मुलांना शिष्यवृत्त्या देतं, शिवणवर्ग चालवतं, कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवतं. कापून घेतात सगळ्यांकडून, आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज मात्र मोजकेच करतात.

काही कपाती मुळात बेकायदा असतात. हेल्मेट, बूट, हातमोजे यांसारख्या कायद्याने द्यायच्या सुरक्षा साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. उचल, पतपेढीचा हप्ता, सगळं मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त कापण्याची मुभा सर्वसाधारणपणे नाही.

सगळ्यात धोकादायक समज शेवटचा: स्लिपवर कापले म्हणजे भरले. कापलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे. पण कामगाराने पीएफचं पासबुक बघितलं तरच तो बहुधा उघडकीस येतो. उमंग अॅपवर यूएएन टाकून ते फोनवर दिसतं. दोन्ही वाटे महिन्याच्या महिन्याला जमा होतात का, एवढं या आठवड्यात तपासा. खाडा दिसला तर स्लिपचे फोटो जपून ठेवा आणि पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा.