टुंड्रांतील चाकोऱ्या व शेवाळ

पृथ्वीच्या उत्तर टोंकाकडे अलास्का, कॅनडा व सैबेरिया यांच्या समुद्रालगतच्या भागांत टुंड्रा नांवाची वृक्षहीन भूमि पसरलेली आहे. उन्हाळ्यांत तिचा वरचा हात-दोन हात थर काय तो वितळतो. अलास्कांतील प्रुडो उपसागराजवळ तर खालीं सुमारें ६०० मीटरपर्यंत जमीन गोठलेलीच असते. अशा जमिनीस आकार तो काय बसवावा, असें महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास प्रथम वाटतें. परंतु तेथील शेवाळाची हकीकत जमीन बाळगणारास ऐकण्यासारखी आहे.

आपल्याकडे पावसाळ्यांत भिंतींवर व कौलांवर जें मखमलीसारखें शेवाळ चढतें, त्याच्याच जातकुळीचें हें शेवाळ होय. त्यास खरीं मुळें नसतात; तें पानांनींच पाणी शोषतें. स्फॅग्नम जातीचें शेवाळ तर आपल्या वजनाच्या अनेक पटींनीं पाणी धरून ठेवितें. उन्हाळ्यांत वरून सुकलेला हा थर घोंगडीप्रमाणें ऊन खालीं पोहोंचूं देत नाहीं. हिवाळ्यांत तोच भिजून गोठला म्हणजे जमिनींतील ऊब सहज बाहेर जाऊं देतो. जमीन गोठलेली राहते ती पुष्कळशी या घोंगडीमुळें.

१९४४ ते १९५३ या काळांत अमेरिकेच्या आरमारानें अलास्काच्या उत्तरेस खनिज तेलाचा शोध केला. त्या वेळीं उन्हाळ्यांतही पट्ट्यांच्या चाकांचीं यंत्रें या जमिनीवरून फिरलीं. शेवाळ चिरडलें, काळी माती उघडी पडली, तिनें ऊन शोषलें व खालचें बर्फ वितळलें. जमीन खचली, त्या खळग्यांत पाणी सांचलें, आणि सांचलेल्या पाण्यानें आणखी ऊब धरली. आपल्या शेतांतील गाडीची चाकोरी एका नांगरटीनें मोडते. तेथील कित्येक चाकोऱ्या अनेक दशकांनंतरही विमानांतून स्पष्ट दिसत होत्या.

उघड्या मातीवर प्रथम येतें तेंही बहुधा शेवाळच. सेराटोडॉन व पॉलिट्रायकम या जातींचे सूक्ष्म बीजकण वाऱ्यावर येऊन पडतात. कापसासारखीं बोंडें धरणाऱ्या लव्हाळ्याच्या जातीच्या गवताचें जुनें बी मातींत दडलेलें असतें, तेंही ऊन लागतांच उगवतें. ओल्या जागीं हिरवळ त्यामानानें लवकर येते, कोरड्या खडीवर फारच सावकाश. पण हिरवें दिसलें म्हणजे जमीन पूर्ववत् झाली असें नव्हे. खचलेली जमीन वर येत नाहीं, व जाड घोंगडी विणली जाण्यास फार काळ लागतो.

१९७४ ते १९७७ मध्यें तेथें सुमारें १,२८७ किलोमीटर लांबीची तेलाची नळी घातली गेली. गोठलेली जमीन वितळूं नये म्हणून तिचा निम्म्याहून अधिक भाग खांबांवर उचललेला आहे. उघड्या झालेल्या जागीं परक्या गवताचें बी खतासह पेरलें. खत होतें तोंवर तें माजलें. पुढें हटलें, आणि दाट उगवलें तेथें देशी रोपांस मात्र अटकाव झाला. शेजारच्या सडकेची चुनखडीयुक्त धूळ उडून कडेचें स्फॅग्नम मेलें, कारण त्यास आंबट जमीनच मानवते.

यासाठीं अलास्कांत आतां जमीन पुरेशी गोठून वर बर्फाचा थर बसल्यावरच जड वाहनांस टुंड्रावर परवानगी मिळते. १९७० च्या सुमारास हे दिवस वर्षांतून २०० हून अधिक भरत. २००० च्या सुमारास ते शंभरावर आले होते.