अहिल्याबाईंची खासगी आणि धर्मादाय

बदरीकेदारापासून रामेश्वरापर्यंत ज्या राजस्त्रीच्या नावाची देवालये, घाट आणि धर्मशाळा यात्रेकरूंस आजही आश्रय देतात, त्या अहिल्याबाई होळकरांच्या औदार्याचे गुणगान मराठीत विपुल झाले आहे. परंतु हा पैसा कोणत्या खात्यातून आला, आणि देणारा हात नाहीसा झाल्यावरही तो पिढ्यानुपिढ्या कसा पुरला, याची मीमांसा केल्यावाचून त्या औदार्याची खरी योग्यता ध्यानात येत नाही.

इ. स. १७३४ मध्ये थोरल्या बाजीरावांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांस सुमारे ३ लक्ष रुपये उत्पन्नाची खासगी जहागीर करून दिली, तेव्हापासून होळकरांच्या घरात दौलत आणि खासगी अशी दोन स्वतंत्र खाती पडली. दौलतीच्या वसुलातून फौजफाटा आणि मोहिमा चालावयाच्या. खासगीवर मात्र हुकमत राणीची. गौतमाबाईंच्या पश्चात ही वहिवाट त्यांच्या सुनेकडे, म्हणजे १७२५ मध्ये चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी जन्मलेल्या अहिल्याबाईंकडे आली. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि पुढल्याच वर्षी पुत्र मालेरावही निवर्तला. अशा स्थितीत होळकरांचे सरदार तुकोजीराव यांच्याकडे फौज सोपवून आणि महेश्वरी राहून या बाईंनी १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत माळव्याचा कारभार पाहिला. मोहिमांच्या खर्चासाठी तुकोजीरावांचा पैशाचा तगादा वारंवार येई, आणि त्यावरून उभयतांत वितुष्टही येई. परंतु धर्मासाठी राखलेला पैसा दारूगोळ्यात जाऊ द्यावयाचा नाही, हा बाईंचा कटाक्ष होता.

या कटाक्षाचे महत्त्व त्यांच्या दानाचा नकाशा पाहिला म्हणजे कळते. १७८० च्या सुमारास काशीत विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे राहिले तेव्हा त्या नगरीवर कंपनी सरकारचा अंमल होता. १७८७ मध्ये गयेस फल्गूच्या तीरी विष्णुपदाचे देवालय पुरे झाले, तेथेही कंपनीचाच. १७८३ मध्ये सोमनाथास नवे देऊळ झाले, ते जुनागडच्या नबाबाच्या मुलखात. आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार झाला, तो निजामाच्या राज्यालगत. जेथे आपली सत्ता नाही तेथे देऊळ बांधणे एक वेळ सोपे. पूजा, दिवाबत्ती आणि अन्नछत्र वर्षानुवर्षे चालविणे कठीण. त्यासाठी ठरलेले उत्पन्न, सालीना नेमणूक आणि जमाखर्च ठेवणारा कारकून लागतो, आणि हे सारे खासगीने पुरविले.

कंपनीचे अधिकारी सर जॉन माल्कम यांनी बाईंच्या मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षांनी, त्यांस पाहिलेल्या माणसांच्या तोंडून माहिती मिळवून जो वृत्तान्त १८२३ मध्ये छापला, त्यात या व्यवस्थेची फार बारीक रूपे आढळतात. दक्षिणेतील दूरदूरच्या देवस्थानांस मूर्तींच्या स्नानार्थ गंगोदक पोचविले जाई. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यांवर पाण्याची सोय असे, थंडीत गोरगरिबांस कपडे मिळत. महेश्वराच्या आसपास उन्हाच्या दिवसांत बाईंचा चाकर शेताच्या बांधावर येई, जुंपलेले बैल थांबवी आणि त्यांस पाणी पाजी. कुणबी पाखरांस आपल्या पिकावरून हाकलतात, म्हणून काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठीच राखिली होती. करुणा पुष्कळांच्या मनात उपजते. तिला चाकर, पगार आणि जमीन नेमून देणारी राज्यकर्ती विरळा.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारात गेले, आणि मोबदल्यात या धर्मादायासाठी सालीना सुमारे २ लक्ष ९२ हजार रुपयांची तरतूद झाली. १९६२ मध्ये त्यासाठी विश्वस्त निधी स्थापन झाला. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास ठरवून कायद्यान्वये त्याची नोंदणी करण्याचा आदेश दिला. हा निर्णय बाईंच्या वृत्तीस सर्वथा अनुसरून आहे, असे मला वाटते. त्यांचे पुतळे आपण पुष्कळ उभारले. आता त्यांच्या प्रत्येक घाटाची, धर्मशाळेची आणि बागेची नोंद चोख राहावी, आणि तिचा जमाखर्च कोणाही नागरिकास पाहता यावा, एवढा आग्रह आपण धरला पाहिजे. ज्या बाईंनी स्वतःच्या खासगीचा पैसा लोकांचा मानला, त्यांच्या वारशाचा हिशेब मागणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे.