गाडीच्या क्रमांकाची पाटी : कालनिर्णयाचें एक साधन

जुन्या कागदाचा काळ ठरवितांना शिक्का, मोर्तब, मायना व अक्षराचें वळण हीं आम्ही बारकाईनें पाहतों. छायाचित्राची पाळी आली म्हणजे मात्र पाठीवर कोणीं तरी लिहिलेला सन प्रमाण मानून मोकळे होतों. आमच्याहि हातून ही चूक घडली आहे. मालवण बंदराच्या एका छायाचित्रामागें ‘सन १९७५’ असें होतें. त्याच सालाखालीं आम्हीं तें नोंदविलें. पुढें भिंगाखालीं पाहतां कोपऱ्यांतील जीपवर ‘एम्. एच्. ०७’ हीं अक्षरें स्वच्छ दिसलीं व ती नोंद खोडावी लागली.

वाहनास ओळख असावी ही कल्पना या किनाऱ्यास नवी नाहीं. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकाच्या आरंभापासून समुद्रावरील व्यापाऱ्यांस कर्ताज घेण्याची सक्ती केली. जहाज, नाखुदा, हत्यारें व जावयाचें बंदर यांची नोंद त्यांत असे. कर्ताज नसलेलें जहाज जप्त होई. मराठी आरमाराचीं दस्तकें याच जातीचीं, आणि कान्होजी आंग्र्यांचीं दस्तकें मानण्यास इंग्रज तयार नसल्यामुळेंच पुष्कळसे तंटे माजले. परंतु हा कागद नाखुद्याजवळ राही. पाटीनें हा क्रम उलटविला : खूण वाहनाच्या अंगावर आणि तपशील कचेरींत. पॅरिसच्या पोलिसांनीं १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकुमानें मालकाचें नांव, पत्ता व क्रमांक असलेली धातूची पाटी मोटारींस लावावयास सांगितली. इंग्लंडांत ही पद्धति १ जानेवारी १९०४ पासून आली.

आपल्याकडे १९१४ चा व नंतर १९३९ चा, असे मोटारींचे दोन कायदे झाले. दुसऱ्यानें प्रांतवार अक्षरें ठरविलीं. मुंबई प्रांताच्या वांट्यास ‘बी. एम्.’ आलीं. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झाल्यावर ‘एम्’नें आरंभ होणारे तीन अक्षरांचे गट सुरू झाले. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ रोजीं अंमलांत आला आणि राज्याचीं दोन अक्षरें व कचेरीचा अंक अशी हल्लींची रचना त्याबरोबरची आहे. शिवाय सिंधुदुर्ग जिल्हाच मुळीं १ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून वेगळा झाला. तेव्हां ‘०७’ची पाटी १९७५ त असणें अशक्य. गंमत अशी कीं किनाऱ्यानें उतरत गेल्यास रायगडाच्या ‘०६’नंतर रत्नागिरी लागते, पण ‘०७’ धाकट्या सिंधुदुर्गास मिळाला आणि थोरली रत्नागिरी ‘०८’वर गेली!

मात्र या पुराव्याची मर्यादा ओळखावी. पाटी छायाचित्राची आधीची सीमा देते, गाडीचें वय नव्हे. जुन्या गाड्या जुनेच क्रमांक मिरवीत फिरत. म्हणून तीन अक्षरांची पाटी दिसली एवढ्यावरून चित्र १९८९ पूर्वींचें ठरत नाहीं. क्रमांकावरून नोंदणीचें ठिकाण कळतें, चित्राचें स्थळ नव्हे. मुंबईंतहि ‘०७’च्या गाड्या दिसतातच. रंगाविषयीं तर विशेष सावधगिरी हवी. पूर्वीं खाजगी गाडीस काळ्या भुईवर पांढरीं अक्षरें व भाड्याच्या गाडीस पांढऱ्यावर काळीं असत. पुढें खाजगीस पांढरी व भाड्याच्या गाडीस पिवळी भुई आली. पांढरी पाटी दिसली कीं गाडी खाजगी, हा तर्क जुन्या चित्रांत नेमका उलटा पडतो.

संग्राहकांस एकच विनंति. माळ्यावरील जुनीं नोंदणीपुस्तकें रद्दींत जातात, तीं मागून घ्यावींत. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक, मालकांचे फेरबदल व त्यांच्या तारखा त्यांत एका ठिकाणीं मिळतात. आणि चित्रांतील क्रमांक पुरता वाचतां आला, तर ताडून पाहण्यास दुसरें साधन हेंच.