जाम ब्रेकचा खरा दोषी

जुन्या मोटारसायकलचा डिस्क ब्रेक जाम झाला की पहिला संशय पिस्टनवर जातो. तो काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि जुन्याच सीलमध्ये बसवायचा, ही नेहमीची रीत. पण दोष बहुधा सीलजवळ असतो. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते; ते काम चौकोनी छेदाचं रबरी सील करतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं, लिव्हर सोडला की मूळ आकारात येऊन पिस्टनला केसभर मागे घेतं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, त्यातून सील बसतं ती ॲल्युमिनियमची खाच गंजते, सीलमागे पांढरी भुकटी साचते आणि सील पिस्टनला आवळून धरतं.

‘सील गळत नाही, मग बदलायचं कशाला?’ प्रश्न गैर नाही. पण खाच साफ करायला सील काढावंच लागतं, आणि वर्षानुवर्षं दबून कडक झालेलं रबर पूर्वीसारखं पिळत नाही. पिस्टन घासणं तर अंगलट येतं: क्रोमचा पातळ थर गेला की खालचं पोलाद गंजतं. खड्डे पडलेला पिस्टन सरळ बदलावा. नवं सील बसवताना पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइलच पुरे. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला.