पाइनच्या वनांतील विरळणी

बाजरी दाट उगवली म्हणजे शेतकरी निःशंकपणें तिची विरळणी करतो. उभ्या वनांत कुऱ्हाड घालावयाची म्हटली कीं मात्र हात आखडतो. दक्षिण आफ्रिकेंतील पाइनच्या लागवडींत हाच संकोच वादाचा विषय झाला. त्या देशांत पाइन मूळचा नाहीं. इमारती लांकूड हवें म्हणून मेक्सिको, कॅलिफोर्निया इत्यादि ठिकाणच्या जाती तेथें आणून लावण्यांत आल्या. निगराणीचे नियम मात्र युरोपांतून आले : झाडें थोडींथोडीं, वारंवार आणि बहुधा शेजाऱ्यांखालीं दबलेलींच काढावींत.

दबलेलें झाड काढल्यानें उरलेल्यांस नवें ऊन फारसें मिळत नाहीं; तें ऊन त्यानें आधींच गमावलेलें असतें. दाटीनें पाइनची उंची फारशी बदलत नाहीं. खुंटतो तो घेर. शेजारचीं झाडें भिडलीं कीं खालच्या फांद्या सावलींत वाळतात, आणि मेलेली फांदी पुन्हां फुटत नाहीं. अशा झाडाला मागाहून कितीहि मोकळीक दिली तरी तें सावकाशच सांवरतें.

आय. जे. क्रेब या वनसंशोधकानें १९३४ सालीं वॅटलच्या, म्हणजे कातडीं कमावण्यास साल पुरविणाऱ्या झाडाच्या, विरळणीवर लिहिलें; १९३९ सालीं त्यानें पाइनसाठींहि लवकर व सढळ विरळणीचा आग्रह धरला. मधल्या काळांत, १९३५ सालीं, ए. जे. ओकॉनर यानें मोजमापाची एक नामी योजना मांडली. एकरीं सुमारें १,२०० रोपें लावावयाचीं, आणि झाडांची आपसांतील चढाओढ सुरू होण्यापूर्वींच तुकड्यागणिक निरनिराळी संख्या राखावयाची; सर्वांत विरळ तुकड्यांत एकरीं अवघीं ५०. अशा प्रयोगांतून दिसलें तें असें : दाट तुकड्यांत एकंदर लांकूड अधिक, पण बारीक खोडांचें, आणि पुष्कळ झाडें उभींच मेलेलीं, विरळ तुकड्यांत एकूण लांकूड कमी, परंतु एकेक खोड फळ्या पाडण्याजोगें. घनफूट हवेत कीं फळ्या, हें मालकानें झाडें लहान असतांनाच ठरवावयाचें असतें.

मोकळीकीची किंमतहि पडते. ऐसपैस वाढलेल्या झाडाच्या खालच्या फांद्या जाड होतात व फळींत मोठ्या गांठी येतात. गाभ्याभोंवतीं कोंवळ्या वयांत झालेलें लांकूड कमजोर असतें, आणि अशा झाडांत तोच भाग मोठा होतो. यास्तव क्रेबनें विरळणीबरोबर फांद्यांच्या छाटणीचाहि विचार केला होता. खोड बारीक असतांनाच फांदी कापली तर गांठ आंतल्या आंत राहते व तीवर चढणारें लांकूड स्वच्छ निघतें. दोन-चार वर्षें उशीर झाला, तर तितकी जाडी गांठाळ होऊन बसते.